चेक बँकेचा, चेक शर्टाचा, चेक डॅमचा: शब्द एकच का वेगवेगळे?

प्रश्न असा आलाय की बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, रस्त्यावरचा चेकनाका, बुद्धिबळातला चेक आणि 'जरा चेक कर की' मधला चेक हे सगळे एकच आहेत का योगायोगानं सारखे दिसणारे वेगवेगळे शब्द आहेत, आणि सातवीतल्या मुलीला यातला कुठला अर्थ पहिला शिकवायचा. मी सांगलीत बरीच वर्षं इंग्रजीचे क्लास घेतो आणि जोडीला भाषांतराची कामं करतो, कोर्टाचे कागद, बँकांचे फॉर्म, पंपांसोबत येणारी माहितीपुस्तकं असलं काहीबाही, त्यामुळं या शब्दाशी आपली रोजची झटापट आहे. उत्तर एका ओळीत द्यायचं तर शब्द एकच, सगळ्यांचं मूळ एका राजात. फक्त मधली एक पायरी कुणी सांगत नाही म्हणून गोंधळ होतो, आणि ती पायरी म्हणजे 'अडवणे'. आपण सगळे चेक म्हणजे तपासणे असं पाठ करून बसलोय ना, तिथंच गाडी घसरते.

आता मुळापासनं. सांगलीत बुद्धिबळावरनं सुरुवात केली तर कुणाला जड जायचं नाही, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं इथल्या पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या पटावर बसवल्यात, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. तर आपलं चतुरंग इराणात गेलं, तिथं त्याचं चतरंग झालं, अरबांनी ते घेतलं तेव्हा शतरंज झालं. फारसीत राजाला शाह म्हणतात, आणि समोरच्याच्या राजावर मारा केला की तोंडानं 'शाह!' असं बजावायची पद्धत होती, म्हणजे बाबा रे राजा सांभाळ. हा खेळ अरबांबरोबर युरोपात गेला, आणि तिकडच्या लोकांनी त्या शाहची पार मोडतोड केली. लॅटिनमध्ये त्याचं स्काकुस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजांनी साधारण 1300 च्या सुमारास पुढचा 'ए' उडवून चेक करून टाकलं. गंमत म्हणजे एशेकचं अनेकवचन एशेक्स, त्याचंच इंग्रजीत चेस झालं. म्हणजे चेस हे मुळात चेकचंच अनेकवचन, 'राजे' असा त्याचा अर्थ. रशियन लोक तर बुद्धिबळाला शाखमाती म्हणतात, शह आणि मात दोन्ही एकाच नावात.

आणि शाह तरी कुठनं आला? जुन्या फारसीत राजाला ख्शायथिय म्हणायचे, त्यातला धातू 'राज्य करणे' या अर्थाचा, आणि तो आपल्या संस्कृत क्षत्र, क्षत्रिय यांच्या घरातलाच. ज्याला गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं तो नहपान क्षत्रप होता, तो क्षत्रप (म्हणजे प्रांताचा सुभेदार) सुद्धा याच भावकीतला. म्हणजे बँकेच्या खिडकीवर आपण जो कागद सरकवतो तो लांबनं का होईना क्षत्रियांचा नातेवाईक लागतो. (शहाणा मात्र यातला नाही, क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच म्हणून सांगतो. तो सज्ञान वरनं प्राकृतातनं आलेला, त्याचा शहाशी संबंध नाही.)

मराठीत हा शब्द इंग्रजांच्या कितीतरी आधी आलेला आहे. शह देणे, शह-काटशह हे आपण दख्खनच्या फारसीतनं घेतलं, मिरज आदिलशाहीत होती, त्या आदिलशाहीतला शाह आणि शह देण्यातला शह एकच. नंतर तोच शब्द युरोपाला वळसा घालून चेक होऊन परत आपल्याकडं आला आणि कुणी ओळखलाच नाही. पेपरात एका पानावर 'शह-काटशहाचं राजकारण' आणि दुसऱ्या पानावर 'अमक्याचा तमक्याला चेकमेट' असं छापलेलं असतं, तेव्हा उपसंपादकानं एकच शब्द दोनदा वापरलेला असतो. 'एखाद्यावर मात करणे' मधली मातही तिथलीच. तिच्याबद्दल लोक ठोकून सांगतात की मात म्हणजे अरबीत मेला, म्हणजे शाह मात म्हणजे राजा मेला. फारसीत मात म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला, कोंडलेला असाही अर्थ आहे, आणि मला तोच पटतो कारण बुद्धिबळात राजा कधी मरतच नाही, त्याला पटावरनं कुणी उचलत नाही, त्याला फक्त जायला जागा उरत नाही. जाताजाता, स्पर्धेत नवी पोरं 'वजिराला चेक' असं म्हणतात आणि पंच हसतात. शब्दाच्या हिशेबानं तर ते 'वजिराला राजा!' असं काहीतरी झालं.

बरं, आता ती पायरी. शह बसला की काय होतं बघा. तुमच्या डोक्यात पुढच्या चार चाली तयार असतात, समोरचा हत्ती फुकट मिळणार असतो, आणि त्यानं शह दिला की ते सगळं जागच्या जागी थांबतं, आधी राजाची सोय लावायची मगच बाकीचं. या थांबण्यावरनं चौदाव्या शतकात इंग्रजीत चेकला पटाबाहेरचा पहिला अर्थ मिळाला, एकदम आलेला अडथळा, मग अडवणे, रोखणे, आवर घालणे. तपासणे हा अर्थ फार नंतरचा, रुळायला सतरावं शतक उजाडलं. मधली तीनेकशे वर्षं हा शब्द लोकांना मुख्यतः अडवतच होता.

आणि हा जुना अर्थ मेलेला नाही, आपल्या अवतीभवती धडधाकट आहे, फक्त आपण तिकडं बघत नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं जा नाहीतर साताऱ्यातल्या माण-खटावला जा, ओढ्याओढ्यावर चेक डॅम दिसतील, सरकारी भाषेत सिमेंट नाला बांध. तो डॅम काय तपासतो? काही नाही. वाहून जाणारं पाणी अडवतो. 'पाणी अडवा पाणी जिरवा' यातलं जे 'अडवा' आहे तेच चेक डॅममधलं चेक. हे एकदा फळ्यावर लिहिलं की दुष्काळी भागातनं आलेल्या पोरांना चेकचा मूळ अर्थ परत सांगावा लागत नाही, त्यांनी तो बांधावर उभं राहून बघितलेला असतो.

दुसरं उदाहरण वर्कशॉपमधलं. किर्लोस्करवाडी 1910 ची, तेव्हापासनं या पट्ट्यात फिटर, टर्नर, मोल्डर यांचा काय तोटा नाही, आणि कुठल्याही फिटरला विचारा, तो लॉकनटला चेकनट म्हणतो. बोल्टवर एक नट आवळायचा, त्याच्यावर दुसरा आणायचा, मग खालच्याला पान्यानं धरून ठेवून वरचा त्याच्या अंगावर घट्ट करायचा. दोन्ही नट एकमेकांवर दाबले जातात, आट्यांमध्ये ताण बसतो आणि मशिन कितीही थरथरलं तरी खालचा नट सैल व्हायचं नाव घेत नाही. वरचा नट खालच्याला चेकमध्ये ठेवतो, म्हणजे हलू देत नाही. चेक व्हॉल्वचं तसंच. कृष्णेवरनं पाणी उचलणाऱ्या स्कीमा आहेत, मध्येच लाईट गेली की वर चढलेलं सगळं पाणी पाइपातनं माघारी येतं आणि पंप उलटा फिरायची भीती असते, तिथं हा व्हॉल्व पडतो आणि पाणी थांबवतो. शेतकरी त्याला नॉन रिटर्न म्हणतात आणि ते जास्त नेमकं आहे. मी एका माहितीपुस्तकात त्याचं भाषांतर 'तपासणी झडप' असं छापलेलं बघितलंय! झडप काय तपासणार, पाण्याचं आधार कार्ड? मिरज जंक्शनला कधी वेळ असला तर रुळांकडं बघा, फाटकात आणि जोरात वळणाऱ्या रुळावर आतल्या बाजूला आणखी एक रूळ टाकलेला असतो, त्याला चेक रेल म्हणतात, चाक जास्त सरकू नये म्हणून. तोही अडवणाराच.

भाषांतराच्या धंद्यात तर या एका अर्थानं घात केलेला आहे. 'टू चेक द स्प्रेड ऑफ डेंग्यू' याचं 'डेंग्यूचा प्रसार तपासण्यासाठी' असं केलेलं परिपत्रक मी डोळ्यांनी वाचलंय. अहो प्रसार तपासून काय करता, आळा घाला. आळा घालणे, पायबंद घालणे, लगाम लावणे, आवर घालणे, मराठीत एवढे चांगले शब्द पडून आहेत आणि आपण तपासत बसतो. 'अनचेक्ड' म्हणजे दहातल्या आठ वेळा 'न तपासलेला' नसतं, ते बेलगाम, मोकाट असतं. राज्यशास्त्रातलं चेक्स अँड बॅलन्सेस घ्या, न्यायालयानं सरकारचे नुसते कागद तपासायचे असा त्याचा अर्थ नाही, एकानं दुसऱ्याला मर्यादेबाहेर जाऊ द्यायचं नाही असा आहे.

मग अडवण्याचं तपासणं कसं झालं? हिशेबातनं झालं. पैशाची गळती अडवायची तर एका नोंदीच्या समोर दुसरी नोंद ठेवून ताडून बघावी लागते. इंग्लंडच्या आरमाराच्या गोद्यांमध्ये 'क्लार्क ऑफ द चेक' नावाचा कारकून असायचा, त्याचं काम कामगारांची हजेरी घ्यायची आणि पगाराच्या यादीत बोगस नावं घुसू द्यायची नाहीत, म्हणजे आपल्याकडचं मस्टर सांभाळणारा माणूस. तो चोरी अडवत होता, आणि अडवण्यासाठी ताडून बघत होता. हळूहळू 'ताडून बघणे' हाच शब्दाचा मुख्य अर्थ होऊन बसला आणि अडवणं मागं पडलं. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात, मिरजेहून कागवाडकडं जाताना कर्नाटकच्या सीमेवर गाडी आधी अडवतात, मग तपासतात. एसटीत चेकिंग आलं की तेच. महाबळेश्वरच्या हॉटेलातलं चेक-इन म्हणजे रजिस्टरात नाव चढवणं, ते या हजेरी-नोंदीच्या अर्थाकडनं आलेलं. चेकलिस्ट, चेकअप यांच्यावर वेळ घालवत नाही, ते सरळ आहेत.

इथपर्यंतचा सगळा प्रवास राजाचा झाला. पटाचा प्रवास वेगळा आहे आणि शर्ट त्या बाजूनं येतो. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये एशेकिए म्हणायचे, त्याचं इंग्रजीत चेकर झालं, म्हणजे चौकडीचा पट. कापडावर तसेच चौकोन विणले की चेकर्ड, आणि त्याचं आखूड रूप चेक. आपण त्यावर आणखी एक स चढवून चेक्सचा शर्ट म्हणतो. आजीच्या भाषेत याला चौकडीचं लुगडं असा सरळ शब्द होता. एसटीच्या पायरीवर किंवा ट्रकच्या हौद्यात जो उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा असतो तो चेकर्ड प्लेट, पार्किंगमध्ये बसवतात त्या चेकर्ड टाइल्स, रेस संपताना हलवतात तो काळा-पांढरा झेंडा, सगळे या पटाचे. 'चेकर्ड करिअर' म्हणजे सुद्धा तपासलेलं करिअर नाही, काळ्या-पांढऱ्या घरांसारखं कधी बरं कधी वाईट असं गेलेलं आयुष्य.

आता बँकेकडं, इथं सगळ्यात जास्त मजा आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना होता, त्यात प्रांताप्रांतांचे शेरीफ म्हणजे वसुली अधिकारी वर्षातनं दोनदा हिशेब द्यायला यायचे. तिथं एक मोठं टेबल असायचं, दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, आणि त्यावर रेघा मारलेलं काळं कापड पसरायचं. रेघांमुळं उभे रकाने पडायचे, एक रकाना पेन्सचा, एक शिलिंगचा, एक पौंडांचा, पुढं वीस, शंभर, हजार पौंडांचे असे, आणि कारकून त्या रकान्यांत सोंगट्या सरकवत बेरीज-वजाबाकी करायचा. कारण त्यांच्याकडं अजून आपलं शून्य पोचलं नव्हतं, रोमन आकड्यात वजाबाकी करून बघा म्हणजे कळेल सोंगट्या का लागल्या. हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून खात्याचंच नाव एक्सचेकर पडलं. 1177 च्या आसपास त्याच खजिन्याचा मुख्य अधिकारी रिचर्ड फिट्झनील यानं या खात्याच्या कारभारावर सविस्तर लिहून ठेवलंय, आणि तो सांगतो की बुद्धिबळात जशी दोघांची लढाई असते तशी इथं खजिनदार आणि शेरीफ यांची असते, बाकीचे बसून निवाडा करतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात, म्हणजे शब्दशः घेतलं तर बुद्धिबळाच्या पटाचा कारभारी. त्यातला 'एक्स' सुद्धा नकली, फ्रेंच 'एस' ला लॅटिनचा पोशाख चढवलाय, त्याचा 'माजी' शी संबंध नाही.

याच खात्यात पावतीसाठी लाकडी काठ्या वापरायचे. रकमेप्रमाणं काठीवर खाचा पाडायच्या, मग काठी उभी चिरायची, अर्धी याच्याकडं अर्धी त्याच्याकडं. हिशेबाच्या दिवशी दोन्ही अर्ध्या जुळल्या पाहिजेत, एकानं गुपचूप खाच वाढवली तर दुसऱ्या अर्ध्यावर ती नसतेच. पुढं काठ्या बंद झाल्या, साठलेल्या काठ्या 1834 च्या ऑक्टोबरात संसदेच्या भट्टीत जाळायला घातल्या आणि त्या आगीत संसदेचीच इमारत जळाली. ते असो. मुद्दा असा की दोन भाग करून जुळवून बघायची युक्ती कागदावरही आली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणत होते ते आपण बँकेत देतो त्या कागदाला नव्हे, त्याच्या मागं राहणाऱ्या अधपानाला! गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आठवा, उजवी पावती फाडून देतात आणि डावी स्थळप्रत मंडळाकडं राहते, त्या स्थळप्रतीला चेक म्हणायचे कारण तिच्याशी ताडून खोटी पावती अडवता यायची. मधल्या जागेत वेलबुट्टीची नक्षी छापायचे आणि वाकडीतिकडी कापायचे, म्हणजे जोड जुळवून बघता यावा. हळूहळू नाव स्थळप्रतीवरनं सरकून फाडून दिलेल्या कागदावर जाऊन बसलं.

स्पेलिंगचा घोळ इथलाच. मूळ स्पेलिंग सी-एच-ई-सी-के, अमेरिकेत आजही बँकेच्या चेकला तेच लिहितात, हॉटेलात बिलालाही चेक म्हणतात आणि बरोबरच्या खुणेलाही. इंग्लंडमध्ये एक्सचेकरच्या रुबाबाला भुलून सी-एच-ई-क्यू-यू-ई लिहायला लागले आणि एकोणिसाव्या शतकात बँकवाल्यांनी तेच पक्कं केलं, म्हणजे राजाच्या बाजूनं आलेल्या शब्दावर पटाच्या बाजूचं स्पेलिंग बसलं. आपला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे चेक, वचनचिठ्ठी असल्या कागदांचा कायदा, 1881 चा, ब्रिटिशांनी केलेला, त्यामुळं त्यात क्यू-यू-ई आहे आणि तुम्हीही बँक-कोर्टाच्या कागदात तेच लिहा. तासगावकडं द्राक्षाच्या सीझनला व्यापाऱ्याचा चेक वटला नाही की शेतकरी माझ्याकडं नोटिशीचं भाषांतर करून घ्यायला येतात, ते कलम 138, ते मूळ कायद्यात नव्हतं, 1988 च्या दुरुस्तीनं आलं. तारखेपासनं तीन महिन्यांत चेक बँकेत टाकायचा असतो, 2012 च्या एप्रिलच्या आधी सहा महिने होते, जुन्या सवयीनं लोक अजून चेक कपाटात ठेवून विसरतात. कागदावर 'धनादेश अनादरित झाला' असं लिहावं लागतं, बोलताना कुणी म्हणत नाही, सगळे 'चेक वटला नाही' म्हणतात आणि वटणे हे क्रियापद किती नेमकं आहे हे इंग्रजीवाल्यांना सांगूनही कळायचं नाही.

या सगळ्यात एकच चेक खराखुरा परका आहे, तो चेक प्रजासत्ताकातला. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव, त्याचा शाहशी काही संबंध नाही, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. देवनागरीत लिहिलं की तोही गर्दीत मिसळतो.

मुलीला काय शिकवायचं ते सांगतो. शब्दाच्या यादीत 'चेक = तपासणे' असं लिहून देऊ नका, वहीत पहिला अर्थ 'अडवणे' लिहा आणि समोर चेक डॅमचं चित्र काढायला सांगा, त्याच्या खाली 'अडवून बघणे', मग 'ताडून बघणे, तपासणे'. चौकडी आणि बँक या दोन गोष्टी वेगळ्या पानावर घ्या, पटाचं चित्र काढून. मग तिला तीन वाक्यं द्या: ही चेक्ड हिज अँगर, ही चेक्ड हिज बॅग, ही वोअर अ चेक्ड शर्ट. पहिल्याला ती 'त्यानं राग तपासला' म्हणाली तर परत डॅमपाशी न्या, 'राग आवरला' म्हणाली तर पुढच्या धड्याला लागा. तिसऱ्याला 'तपासलेला शर्ट' म्हणणारी पोरं माझ्याकडं दर बॅचला निघतात, त्यांना मी सरळ कपडे वाळत घातलेल्या दोरीकडं बोट दाखवतो.